वॉटर लेट्यूस

७ ऑगस्ट २००५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

आमच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलून गेले. जाताना त्यांची मासे ठेवायची काचेची टाकी मला देऊन गेले. टेम्पोत जागा उरली नव्हती हे खरं, पण मग शिपायालाही देता आली असती. मला दिली. माणूस पारखणं म्हणतात ते हेच.

संकल्प: मासे सगळेच ठेवतात. आपल्या टाकीत पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती हव्यात. वर हिरवी गादी, खाली मासे. शहापुरात कुणाकडे नसेल.

लग्न होऊन आली तेव्हा मीना म्हणाली होती, माहेरी दारातून बाहेर पडलं की हिरवं दिसायचं, इथं समोर भिंत. म्हणजे हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. तिला तसं सांगितलं. म्हणाली, टाकी ठेवणार कुटं?

बायकांना आधी अडचण दिसते.

९ ऑगस्ट
टाकीला उजेड लागतो. उजेड खिडकीजवळ. खिडकीजवळ मीनाचं शिलाई मशीन. मशीन मागच्या पडवीत हलवलं. तिथे हवा भरपूर, उजेड तेवढा कमी. पावसाचं पाणी थोडं आत येतं, पण वर पोतं टाकलंय. मीना काही बोलली नाही, म्हणजे पटलं. शेजारच्या धोंडीबाई ब्लाउजचं कापड परत घेऊन गेल्या. म्हणाल्या, अंधारात शिवायचं तर मीच हातानं शिवीन. या बाईला दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायची सवय आहे.

१४ ऑगस्ट, रविवार
कल्याणला गेलो. माशांच्या दुकानात तीन तरंगत्या वनस्पती होत्या. एक डकवीड, तिळाएवढी पानं. दुसरी साल्विनिया, पानांवर लव. तिसरी वॉटर लेट्यूस, पाण्यावर ठेवलेल्या छोट्या कोबीसारखी, खाली दाढीसारखी मुळं. दुकानदार विचारायला लागला, झाकण आहे का, पंप किती जोराचा, मासे कुठले. मी म्हटलं, पंधरा वर्षं पाण्याशीच संबंध आहे माझा. हिवताप खात्यात आहे. डास पाण्यातच होतात. त्याने जाळी हातात घेतली.

डकवीड घेतलं आणि दोन गोल्डफिश. तो म्हणत होता, गोल्डफिश डकवीड खातात, वॉटर लेट्यूस न्या. महाग माल गळ्यात मारायची युक्ती. गप्पी मासे दाखवले, तेही नको म्हटलं. गप्पी आम्ही लोकांच्या विहिरीत फुकट सोडतो, अळ्या खायला. सरकारी मासा. घरात कोण ठेवतो?

परत येऊन टेकतो तोच कडी वाजली. तीनदा, हळू. मीना बाजारातून आली. ही कधी हाक मारत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे ठीक, पण 'अवं' तरी म्हणावं. दर वेळी नुसती कडी वाजवायची आणि मी ओळखायचं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
राखी. मीना मुरबाडला भावाकडे, भगीरथकडे गेली. चार दिवसांनी येते म्हणाली. निघताना पडवीत गेली, मशीनचं चाक हाताने फिरवून पाहिलं. कुरकुरलं. तेल घालायला हवं म्हणालो. ती म्हणाली, तेलानं काय व्हतंय. मला तिच्या आवाजात थोडा राग वाटला. पण तिला ऊन लागलं असेल.

२४ ऑगस्ट
डकवीड संपलं. गोल्डफिशनी खाल्लं. इतके हावरट मासे मी पाहिले नाहीत. दुकानदाराने नीट बजावायला हवं होतं.

२६ ऑगस्ट
खर्डीच्या पलीकडच्या पाड्यांवर घरभेटी. आमच्या खात्याचा नियम असा: घर तपासलं की दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख टाकायची. पाण्यात डासाच्या अळ्या सापडल्या तर तारखेपुढे अधिकचं चिन्ह. कुणी भेटलं नाही तर 'घर बंद'. मी स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेत कागद पुरे केले. सगळी घरं बंद. या दिवसांत लोक शेतावरच असणार. तिथवर जाऊन बंद लिहिण्यापेक्षा इथूनच लिहिलं. भिंतीवर पुढच्या खेपेला एकदम टाकता येईल.

संध्याकाळी मात्र ग्रामसभेत भाषण द्यावं लागलं. परिपत्रक वाचलं: तळ्यातली पिस्टिया नावाची वनस्पती काढून टाका, तिच्या मुळांना डासाच्या अळ्या चिकटून राहतात, हत्तीरोग पसरतो. जैतू नावाचा एक म्हातारा उठला. म्हणे, पिस्टिया म्हंजे काय रं भाऊ? म्हटलं, वनस्पती. म्हणे, दिसाया कशी? म्हटलं, तळ्यात असते. म्हणे, तळ्यात तं म्हशी पन अस्तात. लोक हसले. अशा लोकांसाठी आपण घसा कोरडा करायचा.

मीना आली नाही अजून.

२८ ऑगस्ट, रविवार
पुन्हा कल्याण. वॉटर लेट्यूस आणली. दुकानदार फक्त हसला. टाकीत सोडल्यावर खोलीच बदलली. मीनाने बघायला हवी. ती असती तर म्हणाली असती, वा. निदान बघितली तरी असती.

२ सप्टेंबर
वॉटर लेट्यूसची पानं मधोमध पिवळी, बोट लावलं की लिबलिबीत. टाकीवरच्या झाकणाला वाफ धरते आणि थेंब पानांवर पडतात. शिवाय हवेच्या पंपाचे बुडबुडे त्यांना कोपऱ्यात ढकलून बुडवतात. झाकण काढून टाकलं. पंप कमी करायचं बटणच नाही. डॉक्टर स्वतः बदलून गेले आणि सदोष माल मागे ठेवून गेले.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
भगीरथच्या शेजाऱ्याकडे फोन केला. भगीरथ आला फोनवर. म्हणाला, दाजी, ताई म्हंते आत्ता नाय येत. विचारलं, बरी आहे ना? म्हणाला, बरी हाय, इथं लोकाच्या मशीनवर शिवते. मी सांगितलं, सावकाश येऊ दे, इथे माझं काही अडत नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मोदक आणायचे राहिले. गणपतीला गूळखोबरं दाखवलं. देव समजून घेतो.

११ सप्टेंबर, रविवार
निर्णय घेतला. पंप बंद. वनस्पती हव्यात की बुडबुडे, एकदा ठरवायला हवं. शेवटी वनस्पती हवा शुद्ध करतातच, शाळेत शिकवतात. माशांना त्यातून मिळेल.

१३ सप्टेंबर
गोल्डफिश मेले. दोन्ही. वर तोंड काढून पानांमधून भोक शोधत होते, असं सकाळी दिसलं. लोडशेडिंग असतंच, पंप चालू ठेवला असता तरी मेलेच असते. मासा म्हटलं की थोडी चिकाटी हवी.

तरी पण दिवसभर वाईट वाटलं. घरात हलणारं तेवढंच होतं.

१८ सप्टेंबर
विचारांती: मासे नसलेली टाकी ही वरच्या इयत्तेची गोष्ट आहे. परदेशात असंच असणार. मासे काय, कुणीही ठेवतो.

२५ सप्टेंबर, रविवार
वॉटर लेट्यूसला पिल्लं. आईपासून एक दांडी निघते, तिच्या टोकाला छोटा कोबी. त्याला पुन्हा दांडी. पाणी शांत ठेवलं, ऊन दिलं, झाकण काढलं, बस्. हे ज्ञान पुस्तकात नसतं. अर्धी टाकी भरली. आयुष्यात मी हात लावला आणि वाढलं असं पहिल्यांदाच होतंय. खूप आनंद झाला. सांगायला धोंडीबाईच होत्या, त्यांना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, आन् ह्याचा करायचा काय? भाजी व्हते? त्यांना दारापर्यंत पोचवलं.

२ ऑक्टोबर, रविवार
सुट्टीचा दिवस सत्कारणी. एसटीने मुरबाडला, तिथून सासुरवाडीला. मीनाला घेऊनच यायचं ठरवून गेलो होतो.

घर तेच. दाराशेजारी भिंतीवर माझ्या तारखा अजून आहेत. नव्या नोकरीत मी इथेच होतो. पंधरवड्याला एक भेट असा नियम, मी दर दोन-चार दिवसांनी यायचो, रांजण तपासायला. मीनाच पाणी दाखवायला पुढे यायची. गेरूची ओळ एकाखाली एक, भिंतीच्या तळापर्यंत. खात्यात इतकं काम कुणी केलं नसेल. भगीरथने सगळं घर चुन्याने रंगवलंय, तेवढा तुकडा सोडून. का म्हणून विचारलं तर म्हणाला, ताई पुसू देत नाय. सरकारी नोंद पुसू नये हे मीनाला कळतं, याचं बरं वाटलं.

चहा झाला. मीना म्हणाली, मला टाकी नको आसा नाय. मशीनच्या जाग्यावर नको. मशीन परत खिडकीशी ठेवा, त्या दिवशी मी येते. दिवालीचे ब्लाउज घ्यायचेत गल्लीतल्या बायांचे. एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. इतकी साधी अट म्हणजे मागे नक्की काहीतरी असणार. मी विचार करतो म्हणालो.

निघताना घरामागचं तळं दिसलं. पाणी दिसतच नव्हतं, काठापासून काठापर्यंत हिरवे कोबीच कोबी. थोडाफार आमच्या वॉटर लेट्यूससारखा प्रकार. मी मीनाला म्हटलं, अशीच पण चांगल्या जातीची आपल्या घरी वाढवलीय मी. तिने तळ्याकडे बोट केलं. म्हणाली, अवं, तुमी घरात गोंडाल लावलाय? आमची गुरं पन तोंड लावत नाय त्याला. मशीन काडून गोंडाल?

मी समजावलं की हे गोंडाळ गावठी. आपली कल्याणची. काचेत वाढलेली. भगीरथ तोंड फिरवून हसला. मीना नाही हसली. आत गेली.

३ ऑक्टोबर
मशीन उद्या हलवतो. आज वॉटर लेट्यूसला नवी पिल्लं येतायत, अशा वेळी टाकी हलवणं बरोबर नाही.

९ ऑक्टोबर, रविवार
चमत्कार. पानं बाजूला करून पाहिलं तर पाण्यात बाळं. बारीक, काळसर, वळवळतात. गोल्डफिशनी मरण्याआधी अंडी घातली असणार. मी उगाच त्यांना चिकाटी नाही म्हणालो. बाळं पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकतात, टाकीवर टिचकी मारली की नागमोडी उड्या मारत तळाला जातात. शेपटीने श्वास घेतात वाटतं. जात हुशार दिसते. माशांचं उरलेलं खाद्य घातलं. मुळांनाही काही चिकटून बसलीयत, ती लाजरी असावीत.

मीनाला दाखवायचं. मूल नाही म्हणून तिला लोक काय काय बोलले, तेव्हा मी पडवीत जाऊन बसायचो. आता घरात एवढी बाळं.

१२ ऑक्टोबर, दसरा
मशीन आज हलवणार होतो. शस्त्रपूजा म्हणून पडवीत जाऊन मशीनला हळदकुंकू वाहिलं. चाक फिरत नाही. गंजलंय. पोतं भिजलं होतं. पूजा केली म्हणजे जवळजवळ हलवल्यासारखंच झालं. मोठी बाळं आता दिसत नाहीत, लपली असतील. धोंडीबाई म्हणतात, तुमच्या खिरकीतनं डास येतात. म्हटलं, गटारं बघा आधी.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
आमच्या गल्लीची तपासणी जीवनकडे असते. खात्यात लागून दोन वर्षं झालीत त्याला. माझ्याच हाताखाली शिकला. प्रत्येक घरात शिरतो, माठात टॉर्च मारतो, लोक कंटाळतात. आज माझ्याकडे आला. मी स्वतः टाकी दाखवली, म्हटलं, बाळं बघ. त्याने टॉर्च मारली. पळीने पाणी काढलं. पळी उजेडाला धरली. मग म्हणाला, अनंतादादा, ह्या अल्या हायेत. डासाच्या. मी म्हटलं, मासे आहेत. तो म्हणाला, दादा, तुमीच शिकवलंत मला, डोकी खाली करून लटकते ती अली. मग एक रोप उचललं, मुळं झटकली, म्हणाला, आन् हीच ती पिस्टिया. तुमच्या भाषनातली.

मी त्याला चहा विचारला नाही.

तो म्हणाला, हे सगला काडून टाका, टाकी उपडी करा, नायतर गप्पी देतो, सोडा. दोन आठवड्यांनी फेरतपासनीला येतो. मग बाहेर जाऊन दाराशेजारी गेरूने तारीख टाकली आणि पुढे अधिकचं चिन्ह. माझ्या दाराशी. मी म्हटलं, जीवन, आपल्या माणसाच्या घरी? म्हणाला, दादा, नियम हाय. अक्षर मात्र चांगलं आहे त्याचं. तेही मीच वळवलं.

१६ ऑक्टोबर, रविवार
अधिकचं चिन्ह ओल्या फडक्याने पुसलं. गेरू पुसला जात नाही, पसरतो. आता लांबूनही दिसतं. लोक येता-जाता थांबून वाचतात. मला फार लाज वाटली. मग राग आला. एवढ्या गल्लीत एकच घर सापडलं याला.

वॉटर लेट्यूस काढणार नाही. पिस्टिया ती खेड्यातली. एक वनस्पती माझ्या हाताने वाढली, ती जीवनच्या पळीभर पाण्यावरून उपटून टाकू?

२३ ऑक्टोबर
थंडी वाजून ताप. जीवनला कळलं, बोटातून रक्त घेऊन काचेवर तपासायला न्यायला आला. परत पाठवला. सर्दीचा ताप आहे. खात्याच्या माणसाला हिवताप होत नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार
ताप उतरला तसा फोन केला. भगीरथला सांगितलं, मशीन जागेवर ठेवलं, मीनाला सांग. ठेवलंच आहे म्हणा, ठेवायचंच आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी येऊ दे म्हटलं, म्हणजे मला मधे वेळ. भगीरथने तिला हाक मारून सांगितलेलं फोनवर ऐकू आलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण भगीरथ हसला, चांगलं हसला. मलाही बरं वाटलं. उद्या टाकी हलवतो.

२७ ऑक्टोबर
पुन्हा ताप. टाकीला हात लावता आला नाही.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार
ताप जास्त. कानात बोळे घालून, चादर घेऊन पडून. आज जीवनची फेरतपासणी. पुन्हा अधिकचं चिन्ह नको, म्हणून दाराला आतून कडी लावून ठेवली होती.

सकाळी आला. दारावर थापा. अनंतादादा, अनंतादादा. मी श्वास रोखून. थोड्या वेळाने गेला.

दुपारी पुन्हा आला. चिकट माणूस. या वेळी हाक नाही, थाप नाही, नुसती कडी. तीनदा, हळू. साहेबांकडून बोलणी खाल्ली असणार, म्हणून नरमाई. मी हलूनसुद्धा पाहिलं नाही. मग पावलं घराला वळसा घालून मागे पडवीकडे गेल्यासारखी वाटली. पडवीत काय तपासायचंय? परत पुढे. पुन्हा कडी, तीनदा, पहिल्यापेक्षाही हळू. मी चादर डोक्यावर ओढली. हूं की चूं केलं नाही. शेवटी गेला.

जिंकलो. घामही आला, ताप उतरला.

२९ ऑक्टोबर, शनिवार
दार उघडलं. भिंतीवर अधिकच्या चिन्हाखाली कालची तारीख आणि पुढे जीवनच्या वळणदार अक्षरात: घर बंद.

धोंडीबाई डबा घेऊन आल्या. चकलीची भाजणी. कुणाची, विचारलं. म्हणाल्या, मीनाची. काल दुपारच्या गाडीनंच आली व्हती, दिवालीची वाट न बघता, पिशवी घेऊन. ब्लाउजचा कापड परत मागितलान माझ्याकडं, म्हणली मशीन खिरकीशी आलीय, दिवालीच्या आत शिवून देते. कडी वाजवलीन. मंग मागं पडवीत गेली. परत आली ती तोंड येवढासा करून. मी म्हणलं, लिवलंय ना, घर बंद, कुटं गेलं असतील. ती म्हणली, बाहेर कुलूप नाय धोंडीमावशी. आतच हायेत. पुन्हा एकदा कडी वाजवलीन, उभी ऱ्हायली. मंग म्हणली, बरोबर लिवलंय. संध्याकालच्या गाडीनं गेली.

डबा माझ्या हातात देऊन धोंडीबाई गेल्या. कापड न्यायला विसरल्या नाहीत, त्यांच्या काखेतच होतं.

जीवनची तक्रार करायला हवी. बाहेर कुलूप पाहिल्याशिवाय 'घर बंद' लिहू नये, असा स्पष्ट नियम आहे. दार वाजवायचं, थांबायचं, शेजारी विचारायचं. आजकाल कुणी घरापर्यंत नीट जातच नाही.

भगीरथच्या शेजाऱ्याकडे फोन केला. शेजारी म्हणाला, बोलवतो. बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाला, ते लोक कामात हायेत. काय काम, विचारलं. म्हणाला, दिवाली ना, भिंतीला चुना लावतायत, दाराकडच्या.

दुपारी मशीन हलवायला घेतलं. आधी टाकी उतरवायला हवी. टाकी उतरवायची तर पाणी काढायला हवं. मग्गा घातला तर आत जाईना, वर बोट शिरायला जागा नाही. काठावरून खाली मुळं लोंबतायत.

गोंडाळ छान आलंय. खालचं पाणी दिसत नाही.